पाहुण्याचे पाणी



वसंतातल्या व्याख्यानमालेत वक्त्याने काव्याविषयी बोलावे, इतिहासाविषयी बोलावे, निदान राजकारणाविषयी तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे ते नळ, टाकी, शॉवर आणि गीझर यांविषयी. विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. पण या सभेत बसलेल्या पुष्कळांच्या घरची चूल आज पाहुण्यांच्या येण्यावर पेटते, आणि पाहुणा ज्या पाण्याने स्नान करतो त्या पाण्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो आज तासभर करावा, एवढीच माझी विनंती आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना पाण्याचे वाण नाही असे नकाशा पाहणारास वाटते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो. माथेरानच्या माथ्यावर तर त्याहूनही पुष्कळ. लोणावळ्याकडे टाटांनी अडविलेले पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजघरात उतरते आणि वीज देऊन पाताळगंगेला मिळते. आंध्रा खोऱ्याचे पाणी १९२२ पासून भिवपुरीस उतरते आणि पेज नदीच्या वाटेने उल्हासेत जाते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागविते. आणि इतके असूनही चैत्र-वैशाखात आपल्याच डोंगरातल्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. कातळ पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. पाण्याच्या विपुलतेत पाण्याची टंचाई, हे आपले जुने दुखणे आहे. आजचे माझे बोलणे या दुखण्याला स्पर्श केल्यावाचून पुरे होणार नाही, हे मी आरंभीच सांगून ठेवतो.

पाहुण्यांचा ओघही आपल्याकडे नवा नव्हे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली, आणि मुंबईकरांचा उन्हाळा आपल्या डोंगरावर येऊन राहू लागला. महडच्या वरदविनायकाच्या दर्शनास येणारा भाविक तर त्याही आधीपासूनचा. पण २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि ओघाचा लोंढा झाला. शेतघरे उठली, रिसॉर्टे उठली, लग्नाचे हॉल उठले. तरण तलाव आले, कृत्रिम धबधबे आले, 'रेन डान्स' आला, गरम पाण्याचे बुडबुडे सोडणारे जकुझी आले. आता शनिवारी दुपारी आपले रस्ते मोटारींनी भरतात आणि रविवारी रात्री रिकामे होतात. सोमवार ते शुक्रवार खोल्यांना कुलपे असतात. माथेरानवर तर बरीच हॉटेले पावसाळ्याचे चार महिने दारे लावून घेतात.

हे कुलूप आपण ध्यानात ठेवू या. खोली बंद होते, दिवे बंद होतात, पंखे बंद होतात. नळीतले पाणी मात्र कोठे जात नाही. ते तेथेच राहते. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्या राहिलेल्या पाण्यात आहे.

आता आपण थोडे लांब जाऊ. १९७६ साली जुलै महिन्याच्या २१ ते २४ तारखांना अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे अधिवेशन भरले. मुक्काम बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाच्या भव्य हॉटेलात होता. हे हॉटेल १९०४ साली उघडलेले. त्या शहराचे भूषण. अधिवेशन संपले, मंडळी आपापल्या गावी गेली, आणि थोड्याच दिवसांत ठिकठिकाणाहून बातम्या येऊ लागल्या. कडक ताप, कोरडा खोकला, फुफ्फुसांची सूज, आणि मृत्यू. दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली; त्यांतील ३४ दगावली. हॉटेलात पाऊलही न टाकलेले, केवळ बाहेरच्या रस्त्याने गेलेले काही पादचारीदेखील त्यांत होते.

कोणी विषप्रयोग म्हटले, कोणी धातूची वाफ म्हटले. महिनेच्या महिने शोध चालला. त्या सरकारी प्रयोगशाळेत जोसेफ मॅकडेड नावाचे एक शास्त्रज्ञ होते. उन्हाळ्यात तपासलेल्या काचपट्ट्यांवर त्यांना चार-दोन काडीसारखे जंतू दिसले होते, पण ती बाहेरची भेसळ समजून ते पुढे गेले होते. मनातली रुखरुख काही जाईना, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी त्याच पट्ट्या पुन्हा काढल्या. चार्ल्स शेपर्ड यांच्यासह त्यांनी तो जंतू पकडला आणि १९७७ च्या जानेवारीत जगाला त्याची वार्ता कळली. सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याचे नाव लिजिओनेला पडले.

या कथेतला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग पुढेच आहे. जंतू सापडल्यावर साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांची तपासणी झाली. तेव्हा उघड झाले की १९७४ साली, म्हणजे दोन वर्षे आधी, त्याच हॉटेलात दुसऱ्या एका संस्थेचे अधिवेशन भरले होते आणि त्याही मंडळींना हाच रोग झाला होता. कोणाला पत्ता लागला नव्हता. १९७६ साली तो लागला, कारण बळींची संख्या मोठी होती आणि सारे एकाच संघटनेचे सभासद होते. शाखाशाखांतून मृत्यूची पत्रे एकाच कचेरीत आली, म्हणून कोणाच्या तरी लक्षात आले की ही माणसे एका छपराखाली झोपली होती.

मंडळी, आपल्या हॉटेलात शनिवारी उतरणारे पाहुणे कोणत्या एका संघटनेचे सभासद असतात? एक दादरचा, एक ठाण्याचा, एक चिंचवडचा, एक नाशिकचा. या रोगाची बीजे अंगात गेल्यापासून ताप येईपर्यंत दोन ते दहा दिवस जातात, कधी त्याहून अधिकही. शनिवारी स्नान केलेला पाहुणा सोमवारी ठणठणीत कचेरीत जातो आणि पुढच्या आठवड्यात अंथरुण धरतो. त्याचा डॉक्टर 'न्यूमोनिया' लिहितो. कर्जतचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही, आणि येथे मालक समाधानाने म्हणतो, 'इतक्या वर्षांत आमच्याकडे एकही तक्रार नाही.' ते खरे असते, पण तक्रार नसणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा रोग माणसामाणसांतून सहसा पसरत नाही, त्यामुळे साथीसारखा गाजावाजाही होत नाही.

पाण्याचे रोग आपणांस अपरिचित नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, नांदेड गाव आणि किरकटवाडी या भागांत, 'जीबीएस' या नावाने वर्तमानपत्रांत गाजलेला मज्जातंतूंचा विकार एकाएकी वाढला आणि बोट तेथील विहिरीच्या पाण्याकडे वळले. या दोन्ही वेळी रुग्ण एका वस्तीत होते. रोगाची वस्ती सापडली आणि मग पाणी सापडले. हॉटेलच्या रुग्णांना वस्ती नसते. म्हणून हॉटेलवाल्याने तक्रारीची वाट पाहू नये, असे माझे सांगणे आहे. ती बहुधा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता हा जंतू राहतो कोठे, खातो काय, हे पाहू. तो नद्यांत, तळ्यांत, ओलसर मातीत निसर्गतःच असतो; थोड्या प्रमाणात असतो आणि कोणाला त्रास देत नाही. पाणी २० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर तो निजलेला असतो. २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, विशेषतः माणसाच्या अंगाइतक्या उबेत, तो भराभर वाढतो. ५० अंशांवर त्याचा जोर ओसरतो आणि काही तासांत तो मरू लागतो; ६० अंशांवर काही मिनिटांत मरतो. नळीच्या आतल्या बाजूस बोट फिरविले तर जो बुळबुळीत थर लागतो, तो त्याचा मुलूख. त्या थरात अमीबा नावाचे सूक्ष्म प्राणी चरत असतात. ते जंतूंना गिळतात. पण लिजिओनेलाला गिळले की तो अमीबाच्या पोटातच वाढतो आणि त्यालाच फोडून बाहेर पडतो. १९८० साली इंग्लंडात रोबॉथम यांनी हे दाखवून दिले. आपल्या फुफ्फुसांतल्या रक्षक पेशींशी तो हाच डाव खेळतो. पेशीच्या आत दडून बसत असल्याने पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लोक्सासिन यांसारखी चालतात. वेळेवर ओळखला तर रोग बरा होतो. ओळखला नाही तर जड जातो. साधारणतः दहा रुग्णांमागे एक दगावतो, आणि तो बहुधा पन्नाशीच्या पुढचा, विडी-सिगारेट ओढणारा किंवा मधुमेहाने थकलेला असतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहली कोणत्या वयाच्या मंडळींच्या असतात, हे मी सांगावयास नको.

आणि तो शरीरात शिरतो कसा? येथे आपली समजूत चुकते. आपण म्हणतो, 'पिण्याचे पाणी आम्ही गाळतो, उकळतो, बाटलीचे देतो; मग भय कसले?' हा जंतू पिण्यातून सहसा बाधत नाही, तो श्वासातून बाधतो. पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा तुषार हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर खोल फुफ्फुसात जातो. 'थेंबे थेंबे तळे साचे' अशी आपली म्हण आहे. येथे उलटे होते: तळे आधी साचते आणि मग थेंबाथेंबाने माणसाच्या छातीत उतरते. १९९९ साली हॉलंडमधील बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेला गरम पाण्याचा एक बुडबुड्यांचा हौद चालू ठेवला होता. त्यात कोणी उतरले नव्हते, लोक नुसते शेजारून गेले होते. दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि ३२ मरण पावली.

आपल्या आजोबांच्या काळचे स्नान आठवा. अंगणात तांब्याचा बंब असे. सकाळी पाणी भरावे, गोवऱ्या घालाव्या, कढत पाणी घंगाळात घेऊन विसण घालावे आणि तांब्याने अंगावर ओतावे. त्या पाण्याला मुक्काम नव्हता. आजचे पाणी आजच संपे, आणि तांब्यातून तुषार उडत नसे. जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. त्याच काळात पटकीने गावेच्या गावे ओस पडत होती आणि विहिरीत नारू होता. पण एक रोग ज्या व्यवस्थेने गेला, तिच्याच नळ्यांत दुसऱ्या रोगाला घर मिळाले, एवढे आपण ओळखले पाहिजे. यंत्र घ्यावयाचे तर त्याची निगाही घेतली पाहिजे.

आता आपल्याकडचे एखादे रिसॉर्ट डोळ्यांपुढे आणा. नाव घेण्याचे कारण नाही, कोणतेही घ्या. पाणी बोअरवेलचे, विहिरीचे किंवा टँकरचे. ते जमिनीखालच्या हौदात पडते, पंपाने गच्चीवरच्या काळ्या टाकीत जाते. वैशाखाच्या उन्हात ती टाकी तापते आणि आतले पाणी न तापविताच कोमट होते. युरोपातील पुस्तके सांगतात की थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवावे. ते त्यांना जमते. आपल्याला मे महिन्यात पहाटेच्या नळालाही जमणार नाही. गच्चीवरच सौर बंब असतो. आभाळ आले की त्यातले पाणी ४० अंशांवर रेंगाळते, आणि विजेचे बिल वाचावे म्हणून आतली कॉइल बंद ठेवलेली असते. खाली नळ्यांचे जाळे आहे. कधीतरी एक न्हाणीघर पाडून तेथे कोठी केली. त्याची नळी कापून टोकाला डमी मारून ठेवली. त्या आंधळ्या नळीत पाणी वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. शॉवरच्या चाळणीवर बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा क्षार साचला आहे. अशा स्थितीत सोमवारी खोल्यांना कुलूप लागते आणि शनिवारी दुपारी मुंबईहून आलेला थकलाभागला पाहुणा पहिले काम करतो ते शॉवर सोडण्याचे. पाच दिवस उबेत निजलेले पाणी पहिल्या मिनिटाला त्याच्या तोंडावर येते.

बंद इमारतींचा हा धोका २०२० सालच्या टाळेबंदीने जगाला शिकविला. महिनोन्महिने बंद राहिलेल्या हॉटेलांना आणि कचेऱ्यांना नळ्या धुऊन मगच दारे उघडा, असे सांगण्यात आले. ज्या अमेरिकन सरकारी संस्थेने १९७७ साली हा जंतू शोधला, तिच्याच अटलांटा येथील काही भाड्याच्या इमारतींत त्या वर्षी लिजिओनेला सापडला आणि त्या बंद ठेवाव्या लागल्या. जाणत्यांच्या घरी जे घडते ते आपल्याकडे घडणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो. 'आमच्याकडे प्रयोगशाळेचा दाखला आहे. पाणी पिण्यास योग्य आहे.' त्या दाखल्याचा मी अवमान करीत नाही. पण तो कशाचा आहे ते पाहा. पिण्याच्या पाण्याची नेहमीची जंतुपरीक्षा मैल्याशी संबंध असलेल्या कोलिफॉर्म जंतूंची असते. लिजिओनेलाचा मैल्याशी संबंध नाही. तो स्वच्छ दिसणाऱ्या, वास नसलेल्या, दाखला मिळालेल्या पाण्यातही असू शकतो. त्याची परीक्षा निराळी, खर्चिक आणि आठवडा-दीड आठवडा वेळ घेणारी आहे. म्हणून लहान हॉटेलाने परीक्षेपेक्षा शिस्तीवर भर द्यावा.

ती शिस्त मी साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, पाणी हलते ठेवावे. वापरात नसलेल्या प्रत्येक खोलीतला प्रत्येक नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सोडावा. शुक्रवार हा त्याचा दिवस. शॉवर सोडताना त्याची चाळणी बादलीत किंवा पिशवीत धरावी, म्हणजे सोडणाऱ्या मुलाच्याच नाकात तुषार जाणार नाही. हा मुलगा बहुधा आपल्याच वाडीवरचा असतो. पाहुण्याची काळजी घेताना त्याची छाती आपण गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट, गरम पाणी खरोखर गरम असावे. टाकीत ६० अंश, आणि नळाला मिनिटभरात ५० अंशांवर. सौर बंब असेल तर पाहुणे येण्याआधी कॉइल लावून तो एकदा ६० अंशांवर न्यावा. इतक्या कढत पाण्याने लेकरे भाजतात, म्हणून मिसळणी तोटीजवळ असावी. टाकीतच पाणी कोमट करून ठेवणे हा सोयीचा मार्ग दिसतो, पण तोच धोक्याचा आहे.

तिसरी गोष्ट क्लोरीनची. ज्याला गावोगाव 'टीसीएल' म्हणतात ती पावडर आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या रोजच्या हातातली आहे. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर हे जुने प्रमाण. पण पावडर उघडी राहिली की तिचा जोर उडतो, आणि उष्ण पाण्यात क्लोरीन टिकत नाही. म्हणून किती टाकली यापेक्षा शेवटच्या नळाला किती उरली हे महत्त्वाचे. तेथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असे भारतीय मानक सांगते. नळ्या लांबलचक असतील तर ०.५ राखणे बरे. ओ.टी.च्या द्रावाने पाणी पिवळे होते की नाही, हे पाहावयास मिनिटभर लागते. जकुझीचे पाणी उबदार असते आणि बुडबुड्यांनी क्लोरीन उडून जातो. तेथे लिटरला किमान ३ मिलिग्रॅम हवा आणि तो दिवसातून अनेकदा मोजावयास हवा. ज्याला हे जमत नसेल त्याने जकुझी न ठेवणेच श्रेयस्कर.

चौथी गोष्ट, घाण आणि आंधळ्या नळ्या काढाव्यात. टाक्या वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्यापूर्वी, उपसून घासून घ्याव्यात. शॉवरच्या चाळण्या दर तीन महिन्यांनी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून क्षार काढावा. बंद नळी मुळापासून कापावी. टाकीला घट्ट झाकण आणि शक्य तर सावली असावी. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचे मूळ तेथील विहिरी आणि टाक्यांत दाखविले, तेव्हापासून त्या शहराने टाकीच्या झाकणाची शिस्त शिकण्यास सुरुवात केली. तेव्हा डास होता, आज हा जंतू आहे, झाकण तेच. आणि एक इशारा: टाकी धुताना टीसीएल आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू बंद टाकीत माणसाचा जीव घेतो. टाकीत माणूस उतरला असेल तर वर दुसरा माणूस उभा असलाच पाहिजे.

पाचवी गोष्ट, एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणत्या खोलीचे पाणी सोडले, तापमान किती, क्लोरीन किती, सही कोणाची. जमाखर्च लिहिल्यावाचून धंदा चालत नाही, मग पाण्याचाच हिशोब तोंडी का असावा?

आता मी आरंभी सांगितलेल्या दुखण्याकडे येतो. कोणी मला विचारील, आणि विचारावेच, की 'डोंगरातल्या वाडीवर हंडाभर पाण्यासाठी रांग लागली असताना तुम्ही रिकाम्या खोल्यांतून पाणी सोडून द्यावयास सांगता, हे शोभते काय?' प्रश्न कठोर आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर दिले पाहिजे. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो असे धरू. पाच मिनिटांचे ४० लिटर. नळाचे मिनिटाला ५ प्रमाणे २५ लिटर. एका खोलीचे ६५, वीस खोल्यांचे १,३०० लिटर, तेही आठवड्यातून एकदा. आता दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल अशा लहानशा तरण तलावाचे पाणी मोजा. ते ६०,००० लिटर होते. म्हणजे तो तलाव एकदा भरण्याच्या पाण्यात वीस खोल्यांच्या नळ्या सेहेचाळीस आठवडे धुता येतात. वाडीचे पाणी नळ धुण्याने तुटत नाही. ते कोठे जाते हे तलाव, हिरवळ आणि 'रेन डान्स' मोजल्यावर कळते. शिवाय धुतलेले हे पाणी गटारात घालण्याचे कारण नाही. बादल्यांत धरून झाडांच्या मुळाशी ओतावे, लादी पुसावी.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पाण्याचा मोठा साठा हाच या रोगाचा मित्र आहे. गरजेच्या चौपट टाक्या बांधावयाच्या, त्या टँकरने भरून ठेवावयाच्या आणि ते पाणी आठवडाभर उन्हात तापत ठेवावयाचे, यात वाडीचेही नुकसान आणि पाहुण्याचेही. दोन दिवस पुरेल एवढाच साठा, आखूड नळ्या, मोजके शॉवर: या रचनेत पाणीही वाचते आणि माणूसही. काटकसर आणि आरोग्य यांचे येथे भांडण नाही.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींच्या पाण्याची पाहणी होऊन त्यांना लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे देण्याचा प्रघात आहे. गावाला लाल कार्ड मिळाले की सरपंचाला चार माणसांत उत्तर द्यावे लागते. माझी सूचना अशी की आपल्या नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी, हॉटेलवाल्यांच्या संघांना बरोबर घेऊन, मुक्कामाच्या जागांसाठी असेच एक कार्ड सुरू करावे. वही पाहावी, शेवटच्या नळाचा क्लोरीन पाहावा, गरम पाण्यात थर्मामीटर बुडवावा आणि रंग द्यावा. यास मोठी यंत्रणा लागत नाही. युरोपातील देशांनी तर साखळीच बांधली आहे: प्रवासाहून परतलेल्या रुग्णाने कोठे मुक्काम केला होता हे नोंदवितात, आणि दोन वर्षांत एकाच हॉटेलचे नाव दोनदा आले की त्या हॉटेलची तपासणी होते. आपल्याकडे ही साखळी रुजावयाची आहे. ती रुजेपर्यंत पहिली कडी आपण प्रत्येकाने व्हावे. आपल्या घरी कोणास प्रवासानंतर पंधरवड्याच्या आत कडक ताप, कोरडा खोकला, जुलाब आणि बोलण्यात असंबद्धता आली, तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, 'आम्ही अमुक ठिकाणी राहिलो होतो' हे वाक्य आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने औषध बदलू शकते.

हॉटेलचालक बंधूंना शेवटी व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डवर कोणताही गुन्हा शाबीत झाला नव्हता. जंतू नेमका कोठून आला हे निर्विवाद ठरण्यापूर्वीच, १९७६ च्या नोव्हेंबरात, पाहुणे येईनासे झाल्याने ते बंद पडले. ७२ वर्षांची पुण्याई चार महिन्यांत संपली. मालक कसाबसा सावरतो. प्रथम घरी बसतात ते आचारी, वाढपी आणि झाडूवाले. आपल्या दोन तालुक्यांत शेती आटली, गिरण्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कित्येक घरांना या पाहुण्यांनीच हात दिला. तो हात टिकावा असे वाटत असेल तर त्याच्यावर पडणारे पाणी स्वच्छ असले पाहिजे. शुक्रवारी एका मुलाचा अर्धा दिवस, थोडी टीसीएल, एक थर्मामीटर आणि एक वही, यांहून अधिक भांडवल त्याला लागत नाही.

 येथे जे हॉटेलचालक आहेत त्यांनी येत्या शुक्रवारी शेवटच्या खोलीचा नळ सोडून त्याखाली हात धरून पाहावा. पाणी कोमट लागले तर कामास लागावे.